काचबिंदूचे थेंब चालू असताना डोळे पुन्हापुन्हा लाल होतात : कारण कसे शोधावे

ठाण्यात स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचे औषधांचे दुकान आहे आणि फार्मासिस्ट म्हणून माझा बहुतेक दिवस काउंटरवरच जातो. काचबिंदूची औषधे नेणारे ग्राहक ठरलेले असतात. दर महिन्याला तीच बाटली, त्याच तारखेच्या आसपास. त्यांपैकी कित्येकांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी घडताना दिसते, ती अशी की काचबिंदूच्या थेंबांच्या सोबतीने अधूनमधून अँटिबायोटिकची छोटी बाटलीही मागितली जाऊ लागते. ‘पुन्हा डोळे आलेत हो ताई, मागच्या वेळचाच ड्रॉप द्या,’ असे सांगत ते जुने खोके पुढे करतात. चार दिवस बरे वाटते, मग काही आठवड्यांनी तीच लाली, तेच पाणी आणि पुन्हा तेच खोके.

वर्षानुवर्षे काचबिंदूचे थेंब घालणाऱ्या माणसाचा डोळा वारंवार लाल होत असेल, तर तो प्रत्येक वेळी जंतुसंसर्गच असतो असे मुळीच नाही. औषधाची ॲलर्जी, औषध टिकावे म्हणून बाटलीत घातलेल्या रसायनाचा त्रास, डोळ्यांचा कोरडेपणा, पापण्यांच्या कडांचा दाह, तुंबलेली अश्रुनलिका आणि खराखुरा संसर्ग या साऱ्यांची सुरुवात बाहेरून जवळपास सारखीच दिसते, उपाय मात्र एकमेकांपासून अगदी वेगळे असतात. निदान नेत्रतज्ज्ञांनीच करायचे आहे. परंतु तपासणीच्या दहा मिनिटांत त्यांना जे दिसू शकत नाही, ते घरी रोज आरशासमोर दिसत असते, आणि ते नीट टिपून नेले तर हे चक्र तुटण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्यासाठी हे लिहीत आहे.

दोन गोष्टी आधीच टाळाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे, डोळा लाल झाला म्हणून काचबिंदूचा थेंब आपल्या मनाने बंद करू नये. डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि दृष्टीच्या नसेचे जे नुकसान होते ते पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. शिवाय लॅटॅनोप्रोस्टसारख्या औषधाचा परिणाम थेंब थांबवल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे, हळूहळू ओसरत जातो. त्यामुळे थेंब बंद करून आठवडाभराने दाब मोजला आणि तो ठीक निघाला, तर ‘आपल्याला औषधाची गरजच नव्हती’ असा अत्यंत घातक गैरसमज होऊ शकतो.

दुसरी गोष्ट याहून जास्त कळकळीने सांगावीशी वाटते. लाल डोळ्यासाठी म्हणून घरात पडलेली किंवा शेजाऱ्याने दिलेली बाटली वापरण्यापूर्वी तिच्यावरची औषधांची नावे वाचावीत. मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन या अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर त्या बाटलीत स्टेरॉइड आहे. अशा मिश्रणांच्या व्यापारी नावांच्या शेवटी पुष्कळदा डी, पी किंवा एल असे एखादे अक्षर जोडलेले असते आणि नेमके तेच नजरेतून सुटते. स्टेरॉइडमुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो. सहसा काही आठवड्यांच्या वापराने वाढतो, आणि ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात तो वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे एका बाटलीने दाब उतरवायचा आणि दुसरीने चढवायचा, असा प्रकार होऊन बसतो. अडचण अशी की स्टेरॉइडने ॲलर्जीची लालीही झटकन उतरते. रुग्णाला वाटते, अँटिबायोटिकने संसर्ग बरा झाला. मूळ कारण तसेच राहते, थेंब संपला की लाली परतते आणि चिठ्ठीशिवाय तीच बाटली पुन्हा मागितली जाते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. औषधवाल्याने नकार दिला तर कृपया रागावू नये आणि दुसऱ्या दुकानात जाऊ नये. डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतात तेव्हा त्याला कारण असते, आणि त्या काळात ते दाबावर लक्षही ठेवतात.

त्याच दिवशी दाखवावे असे डोळे

डोळ्यात खोल दुखत असेल, दृष्टी अंधुक झाली असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोके दुखत व उलटी होत असेल, तर पुढचे काहीही न वाचता डॉक्टरांकडे जावे. काचबिंदूची ट्रॅबेक्युलेक्टमी शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर साध्या लालीकडेही तसेच पाहावे. या शस्त्रक्रियेत वरच्या पापणीखाली पाण्याचा निचरा होण्यासाठी एक फुगीर जागा तयार केलेली असते. तिथून जंतू डोळ्याच्या आत शिरू शकतात, आणि हा धोका शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही राहतो. चिपडे, लाली आणि दुखणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर रात्र उलटू देऊ नये.

काय टिपून ठेवावे

एका छोट्या वहीत किंवा घरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. त्रास एका डोळ्याला आहे की दोन्ही, सकाळी उठताना जास्त की थेंब घातल्यावर, खाज आहे की खुपल्यासारखे होते, डोळे चिकटतात का, नवी बाटली कधी उघडली, मधल्या काळात एखादे औषध बदलले का.

यांतला ‘एक की दोन्ही’ हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार उपयोगी आहे. थेंब फक्त एकाच डोळ्यात घालायचा असेल आणि नेमका तोच डोळा लाल राहत असेल, तर संशय थेंबाकडे जातो. दोन्ही डोळ्यांत घालत असताना दोन्ही सारखेच लाल असतील, तरीही तसेच. पण थेंब दोन्हीकडे आणि त्रास मात्र कायम एकाच बाजूला असेल, तर कारण त्या एका बाजूचेच असण्याची शक्यता अधिक, म्हणजे तिथली अश्रुनलिका, तिथली पापणी किंवा तिथला जुना एखादा आजार.

दुसरा प्रश्न खाज की चिपडे. ॲलर्जीत खाज ठळक असते आणि स्राव पाण्यासारखा किंवा धाग्यासारखा असतो. जिवाणूंच्या संसर्गात पिवळसर चिपडे येतात आणि सकाळी पापण्या इतक्या चिकटतात की ओल्या कापसाने सोडवाव्या लागतात. विषाणूने डोळे येतात तेव्हा पाणी फार, एका डोळ्याला सुरुवात होऊन एकदोन दिवसांत दुसऱ्याला, आणि घरात किंवा शेजारी आधी कोणाला तरी झालेले असते. रसायनाच्या त्रासात किंवा कोरडेपणात वाळू गेल्यासारखे टोचते, संध्याकाळी जास्त, टीव्ही पाहताना जास्त.

वार आणि वेळ लिहिण्याचाही उपयोग होतो. आमच्याकडे येणारे एक काका तुर्भ्याच्या घाऊक मसाला बाजारात हिशेब लिहितात. दोन्ही डोळ्यांत थेंब आणि सतत जळजळ, त्यामुळे सारा दोष थेंबांवर आला होता. त्यांच्या मुलीने महिनाभर नोंद ठेवली तेव्हा दिसले की रविवारी डोळे जवळजवळ स्वच्छ असतात. थेंब रविवारीही घातला जात होता. बंद होता तो बाजार. मिरचीची भुकटी हवेतून जात होतीच, पण दुपारचा थेंब घालताना तिथल्याच हातांनी पापणी खाली ओढली जात होती. डॉक्टरांनी दुपारचा थेंब सकाळ-रात्रीच्या मिश्रणात बसवला आणि बाजारात वापरायला कडेने बंद असलेला चष्मा सुचवला.

कोणता थेंब काय करतो

बाटलीवरचे व्यापारी नाव सोडून द्यावे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषधाचे नाव शोधावे.

लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट ही एकाच घराण्यातली औषधे रात्री एकदा घातली जातात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत डोळा गुलाबी दिसणे यांत अपेक्षितच असते आणि पुष्कळांची लाली पुढे कमी होते. पापण्यांचे केस लांब, दाट आणि कधी आतल्या बाजूला वळलेले होतात. आत वळलेला केस बुबुळावर घासला की पाणी येते, टोचते आणि रुग्ण ते संसर्ग समजतो. आरशात नीट पाहिले तर असा केस दिसतो. डोळ्यांभोवतीची त्वचा काळवंडणे आणि वरच्या पापणीवरची खोबण खोल होणे हेही यांचेच परिणाम आहेत, एकाच डोळ्यात थेंब असेल तर ते अधिक नजरेत भरतात. या गटाबाबत एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. पूर्वी कधी बुबुळाला नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग झाला असेल, तर तो या औषधांवर पुन्हा उफाळू शकतो. एकाच डोळ्याला, पुन्हापुन्हा, उजेड सहन न होणारी लाली येत असेल तर हा इतिहास महत्त्वाचा ठरतो.

ब्रिमोनिडिन हा थेंब माझ्या मते सर्वांत जास्त वेळा चुकीच्या नावाने ओळखला जातो. त्याची ॲलर्जी इतर थेंबांच्या मानाने बरीच आढळते आणि ती बहुतेक वेळा लगेच येत नाही, काही महिने किंवा वर्षही सुरळीत गेल्यावर येते. त्यामुळे रुग्णाचा विश्वासच बसत नाही. चरईत राहणाऱ्या एका आजींनी मला हेच विचारले होते, ‘अगं, वर्षभर घालतेय मी हा, आत्ताच कसा बाधेल?’ त्यांच्या खालच्या पापणीची त्वचा लालसर, कोरडी झाली होती, तिच्यावर बारीक खपली होती आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जिथून जास्तीचा थेंब गालावर ओघळतो, तिथे चीर पडली होती. पापणी आतून पाहिली तर साबुदाण्याहून लहान असे उंचवटे दिसतात, ते डॉक्टरांनी पाहिले आणि औषध बदलले. तोवर अँटिबायोटिकच्या किती बाटल्या झाल्या होत्या, हे सांगवत नाही. ब्रिमोनिडिनने तोंडाला कोरड पडते आणि काहींना झोप येते, तेही लक्षात ठेवावे. दोन वर्षांखालील बाळाला तर हे औषध देतच नाहीत.

डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड यांनी घातल्याबरोबर चुरचुरते, थोडा वेळ धूसर दिसते आणि घशात कडवट चव उतरते. ही चव म्हणजे औषध अश्रुनलिकेतून नाकात व घशात गेल्याची खूण होय. यांचीही पापण्यांवर ॲलर्जी येऊ शकते. दोन्ही सल्फा गटातली असल्यामुळे पूर्वी सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी झाली असेल तर तसे सांगावे. ब्रिन्झोलामाइडची बाटली हलवूनच वापरायची असते.

टिमोलॉलचा डोळ्याला होणारा त्रास तसा सौम्य, मुख्यतः कोरडेपणाचा. पण ज्यांना दमा आहे, नाडी मंद आहे किंवा हृदयाच्या ठोक्यांत काही दोष आहे, त्यांच्यासाठी हा थेंब धोक्याचा ठरू शकतो. जिना चढताना नव्याने धाप लागू लागली किंवा चक्कर येऊ लागली तर डोळ्याच्या थेंबाचा उल्लेख फॅमिली डॉक्टरांकडेही करावा. तिथे तो हमखास राहून जातो. नेटारसुडिल आणि रिपासुडिल या नव्या औषधांनी डोळा लाल होणे फारच सामान्य आहे. रिपासुडिलची लाली बहुधा तास-दोन तासांत उतरते.

टिकाऊपणासाठी घातलेले रसायन

बाटली उघडल्यावर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून बहुतेक थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. ते साबणाच्या जातीचे रसायन आहे. जंतूंचे आवरण ते जसे फोडते, तसाच अश्रूंच्या थरातला तेलकट पडदाही विस्कटते आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींना इजा करते. एका थेंबात त्याचे प्रमाण अत्यल्प असते, लॅटॅनोप्रोस्टच्या मूळ बाटलीत ते ०.०२ टक्के आहे. परंतु काचबिंदूचा थेंब चार दिवसांचा नसतो, जन्मभराचा असतो.

म्हणून दिवसाचे एकूण थेंब मोजावेत. रात्रीचा एक, दोन वेळा घ्यायच्या मिश्रणाचे दोन, आणि जळजळ होते म्हणून चार वेळा घातलेले कृत्रिम अश्रू, असे सात थेंब होतात. त्या कृत्रिम अश्रूंच्या बाटलीतही तेच रसायन असू शकते, म्हणजे उपाय म्हणून घातलेला थेंब त्रासात भर घालत असतो. अश्रूंचा थर बिघडला की डोळ्याचे स्वाभाविक संरक्षण कमी होते, आणि मग लहानसहान संसर्गही सहज होऊ लागतात. दुष्परिणाम आणि संसर्ग यांची साखळी इथे जोडली जाते, म्हणून दोहोंचा विचार सुटा सुटा करून भागत नाही.

यावर डॉक्टरांकडे विचारण्यासारखे बरेच आहे. दोन वेगळ्या बाटल्यांऐवजी दोन औषधांचे एकत्र मिश्रण चालेल का? हेच औषध प्रिझर्व्हेटिव्हशिवाय, म्हणजे टिकाऊपणासाठीच्या रसायनाशिवाय, मिळते का? प्रिझर्व्हेटिव्हविरहित थेंब एकेका मात्रेच्या छोट्या कुप्यांत किंवा खास गाळणीच्या तोंडाच्या बाटलीत येतात आणि महाग पडतात, म्हणून निदान दिवसभरातले कृत्रिम अश्रू तरी तसे घ्यावेत. कुपी उघडली की त्या वेळेपुरती वापरायची आणि टाकून द्यायची. उरलेले औषध झाकून दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याची काटकसर इथे करू नये, कारण तिच्यात जंतूंना अडवणारे काहीच नसते. २०२३ साली अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्हविरहित कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांमधून स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला आणि काही रुग्णांची दृष्टी गेली, काही दगावले. थेंब प्रिझर्व्हेटिव्हविरहित आहे एवढ्यावरून तो निर्धास्त ठरत नाही, त्याची हाताळणी अधिक काटेकोर लागते.

लेझरचाही विचार जरूर करावा. ज्यांच्या डोळ्यातला निचऱ्याचा कोन उघडा आहे, त्यांच्यासाठी एसएलटी नावाचे लेझर बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. इंग्लंडमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता. ते रुग्ण नव्याने निदान झालेले होते, त्यामुळे जुन्या आजारात तेवढेच यश मिळेल असे धरू नये, आणि लेझरचा परिणाम काही वर्षांनी ओसरतोही. पण बाटल्या कमी झाल्या तरी डोळ्याला केवढा तरी विसावा मिळतो.

बाटली, नोझल आणि हात

खरा संसर्ग वारंवार होत असेल तर पहिला संशय बाटलीच्या तोंडावर घ्यावा. ते पापणीला, केसांना किंवा बोटाला टेकले की डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या प्रत्येक थेंबाबरोबर परत येतात. अँटिबायोटिकने डोळा बरा होतो, बाटली मात्र तशीच राहते.

आपल्याकडच्या कित्येक बाटल्यांचे तोंड कारखान्यातून बंदच येते. झाकणाच्या आत एक अणकुचीदार टोक असते आणि झाकण घट्ट पिळले की तोंडाला भोक पडते. हे ठाऊक नसल्यामुळे घरोघरी टाचणीने, सुईने, सेफ्टीपिनने भोक पाडले जाते. त्याने दोन तोटे होतात. सुईवरचे जंतू आत जातात, आणि भोक वेडेवाकडे किंवा मोठे पडल्याने एकाऐवजी दोन-तीन थेंब पडून महिन्याची बाटली तीन आठवड्यांतच संपते. बाटली घेताना दुकानातच झाकण कसे फिरवायचे ते दाखवून घ्यावे, आम्हाला त्याचा कंटाळा नसतो.

उघडल्याची तारीख बॉलपेनने लेबलवर लिहावी आणि चार आठवड्यांनी, औषध उरले असले तरी, बाटली टाकावी; माहितीपत्रकात वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळावी. साध्या लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते आणि उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालते. ठाण्या-नवी मुंबईत तेवढा थंडावा घरात क्वचितच असतो, म्हणून तीही फ्रीजच्या दारातच ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलेली बाटली दिवसभर सोसायटीच्या गेटवर पडून राहिली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. डोके मागे टेकवून किंवा आडवे होऊन खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी, म्हणजे एक खळगा तयार होतो. बाटली बोटभर अंतरावर ठेवून तिथे एकच थेंब सोडावा. हात कापत असेल तर बाटली धरलेला हात कपाळावर टेकवावा. डोळ्याच्या खळग्यात पूर्ण एक थेंबही मावत नाही, त्यामुळे दुसरा थेंब केवळ गालावर जातो आणि तिथली त्वचा खराब करतो. मग डोळा अलगद मिटून, न मिचकावता, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटे हलका दाब द्यावा. याने औषध घशात व रक्तात कमी जाते. कडवट चव, टिमोलॉलचा हृदयावरचा परिणाम, ब्रिमोनिडिनची झोप, सारेच कमी होते. ओघळलेले औषध स्वच्छ टिश्यूने टिपावे. दुसरा थेंब किमान पाच मिनिटांनी, आणि मलम असेल तर ते सर्वांत शेवटी.

ठाणे-वाशी गाडीत उभ्याने थेंब घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. वेळ पाळण्याची त्यांची धडपड पाहून खरेच भरून येते, पण धक्क्याने बाटलीचे तोंड पापणीला टेकणारच. फलाटावरच्या बाकावर बसून, हात सॅनिटायझरने पुसून तो पूर्ण वाळल्यावर थेंब घालावा, किंवा डॉक्टरांना विचारून वेळ घराच्या वेळेशी जुळवून घ्यावी.

पापण्या, लासरू आणि साखर

पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसत असतील आणि वरचेवर रांजणवाडी होत असेल, तर तो पापण्यांच्या कडांचा दाह असू शकतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे शेक द्यावा, नंतर त्यासाठी मिळणाऱ्या पुसण्यांनी कडा हलक्या हाताने साफ कराव्यात. हे रोजचे काम आहे, बरे वाटले म्हणून सोडायचे नाही. काजळ, सुरमा, गुलाबपाणी, मध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

एकाच डोळ्यातून सतत पाणी वाहते, नाकाजवळच्या कोपऱ्यावर दाबले की पू किंवा चिकट पाणी वर येते, असे असेल तर अश्रुपिशवीत घाण साठून लासरू झालेले असण्याची शक्यता आहे. मध्यम वयाच्या व त्यापुढच्या स्त्रियांत ते जास्त आढळते. अँटिबायोटिकने ते तात्पुरते दबते आणि नलिका तुंबलेलीच असल्याने परत येते. कायमचा इलाज बहुधा डीसीआर या छोट्या शस्त्रक्रियेने होतो. अश्रुनलिका उघडी आहे की नाही, ही तपासणी करून घेतल्याशिवाय एकाच बाजूच्या संसर्गावर चौथी-पाचवी बाटली वापरू नये. आणि संसर्ग किंवा रांजणवाड्या थांबतच नसतील तर रक्तातील साखर तपासावी, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तीन महिन्यांची सरासरी पाहावी.

खरेच डोळे आले तर

पावसाळ्यात साथ येते. जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरातून सुरू झालेली साथ राज्यभर पसरली होती, ती अनेकांना आठवत असेल. अशा वेळी काचबिंदूचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नयेत. एकच डोळा आला असेल तर दुसऱ्या डोळ्यासाठी निराळी, नवी बाटली उघडावी. आधी चांगल्या डोळ्यात थेंब घालावा, हात धुवावेत, मग आजारी डोळ्याकडे वळावे. टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. डोळा बरा झाला की त्या काळात वापरलेल्या साऱ्या बाटल्या टाकून द्याव्यात, अगदी कालच उघडलेल्या असल्या तरी. दिलेल्या औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर त्याच औषधाची दुसरी बाटली न घेता परत दाखवावे. अशा वेळी डॉक्टर स्रावाचा नमुना तपासायला पाठवू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना

घरातल्या डोळ्यांच्या सर्व बाटल्या, रिकाम्या आणि अर्धवटही, एका पिशवीत घालून न्याव्यात, लाल डोळ्यासाठी कोणाकडून आणलेला ड्रॉपही लपवू नये. जमल्यास थेंब तिथेच घालून दाखवावा. लाली ऐन भरात असताना मोबाइलवर काढलेला पापणीचा जवळचा फोटो फार कामी येतो, कारण तपासणीच्या दिवशी डोळा नेमका शांत असतो. थेंब बदलून पाहायचा असेल तर तो डॉक्टर बदलतील, एका वेळी एकच बदलतील, आणि नव्या थेंबावर साधारण महिन्या-दीड महिन्याने दाब पुन्हा मोजावा लागेल. ती तारीख चुकवू नये. खर्चामुळे तपासणी टळत असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे आणि तिथे नेत्रविभाग आहे. तिथे जातानाही ती बाटल्यांची पिशवी आणि नोंदीची वही सोबत असू द्यावी, कारण प्रत्येक भेटीत डॉक्टर तेच असतील असे नाही.